करडईला, तिच्या खालच्या पानांविषयी

प्रिय करडई,

तुझ्या खालच्या पानांवर पडणारे तपकिरी ठिपके हा या पत्राचा विषय आहे. तुझं तेल, तुझे काटे, तुझी काढणी यांवर पुष्कळ बोलून झालंय. पानांचा विषय निघतो तो फार उशिरा. ठिपके एकमेकांत मिसळतात, शेताचा खालचा थर करपून काळपट दिसायला लागतो, तेव्हा कुणीतरी एक पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जातं, दुकानदार देईल ती पुडी आणून मारतं, आणि आठवड्याने सांगतं की औषधाचा गुण आला नाही. गुण येणार कसा? रोग शेतात आला पेरणीच्या दिवशी आणि औषध आलं डिसेंबरात. तुझ्या पानांची राखण पेरणीच्या आधी सुरू व्हायला हवी, एवढंच मला म्हणायचं आहे. ती तशी होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पत्र तुझ्या नावाने लिहिते आहे. उघडं ठेवलं आहे ते तुला पेरणाऱ्यांसाठी, तुझं बियाणं तयार करणाऱ्यांसाठी आणि तुझ्या जातींवर काम करणाऱ्यांसाठी.

तू कोरड्या हवेची. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, परभणी, जालना या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत तुझं मूळ दोन मीटरच्या खाली उतरतं आणि पावसाळ्याने मागे ठेवलेली ओल वर ओढून घेतं. ज्वारी मान टाकते तेव्हाही तू हिरवी असतेस. दुष्काळी गावांनी तुला जपलं ते या गुणासाठी. जमिनीखालचं पाणी तुला हवं असतं, पानावर साचलेलं पाणी तुला सोसत नाही. वरून पाणी पडलं, आभाळ चार-पाच दिवस झाकोळून राहिलं, सकाळी पानांवरचं दव दुपारपर्यंत वाळलं नाही, की तुझी तब्येत बिघडते. कोरडवाहू शेतकऱ्याला ऑक्टोबरातला पाऊस देवासारखा वाटतो, आणि त्याच पावसात तुझ्या पानांवर बुरशी रुजते. ही अडचण तुझ्या प्रकृतीतच आहे आणि ती धरूनच पुढचा विचार करायला हवा.

तुझ्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरश्या एकाहून जास्त आहेत. सर्कोस्पोराचे ठिपके गोल आणि थोडे खोलगट असतात. रॅम्युलॅरियाच्या ठिपक्यांवर दमट हवेत पांढरट थर दिसतो. तांबेऱ्याच्या पुटकुळ्या फुटल्या की बोटाला तपकिरी पूड लागते. भुरीही कधीमधी येते. पण आपल्याकडे तुझं खरं नुकसान करते ती अल्टरनेरिया कार्थामी. शेतकरी तिला करपा म्हणतात. या बुरशीचं शास्त्रीय वर्णन एस. चौधरी यांनी 1944 साली केलं, तेही भारतातच. म्हणजे हा शत्रू ओळखीचा होऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

त्याची ओळख अवघड नाही. आधी जमिनीलगतच्या पानांवर बारीक गडद ठिपके येतात. ते वाढत सेंटिमीटरभर होतात आणि त्यांच्यात एकात एक अशी वर्तुळं दिसू लागतात. जुन्या ठिपक्याचा मधला भाग फिका पडतो, कधी फाटतो. मग ठिपके जुळतात, पान कडेपासून वाळत येतं, आणि रोग खोडावर, बोंडाच्या काटेरी पानांवर चढतो. कळी धरतानाच रोग बोंडापर्यंत पोचला तर काही बोंडं उमलतच नाहीत. जी उमलतात त्यांतले दाणे चिमलेले, हलके, डागाळलेले निघतात. रोग लवकर आणि जोरात आला तर निम्म्यापर्यंत उत्पन्न जातं. ठिपका दिसतो तेवढ्याच जागेपुरतं हे नुकसान नसतं, कारण ही बुरशी विषं सोडते. झिनिओल हे त्यांतलं एक, ब्रेफेल्डिन ए हे दुसरं. पेशीत तयार झालेली प्रथिनं जिथून पुढे आपापल्या ठिकाणी पाठवली जातात, ती व्यवस्थाच ब्रेफेल्डिन बंद पाडतं. जगभरच्या प्रयोगशाळांत पेशीचं काम कसं चालतं हे समजून घेण्यासाठी हेच रसायन वापरतात. त्या प्रयोगशाळांतल्या कितीजणांना तुझं नाव ठाऊक असेल, असं माझ्या मनात येतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही बुरशी बियाण्यातून येते. दाण्याच्या सालीवर राहते, सालीच्या आतही राहते. मागच्या वर्षीच्या धसकटांत आणि पानांच्या कचऱ्यातही ती तग धरते, पण नव्या शेतात, जिथे तू पाच वर्षांत पेरली गेली नव्हतीस तिथे, ती पोचते ती बियाण्याच्या पिशवीतून. रोप उगवतं, पहिली दोन जाड पानं उघडतात, त्यांच्यावरच तपकिरी डाग असतात. काही रोपं तिथेच जातात. उरलेल्या रोपांवर बुरशीला घर मिळतं. मग पहिली सर पडली की पावसाच्या थेंबांच्या उडण्याने आणि वाऱ्याने तिचे बीजाणू शेजारच्या रोपांवर जातात. पंचवीस ते तीस अंश तापमान आणि भरपूर दमटपणा एवढं तिला पुरतं, आणि ऑक्टोबरात ते आपल्याकडे मिळतंच.

हिशोब मांडून पाहू. एका एकराला तुझं चार किलो बियाणं लागतं. किलोला तीन ग्रॅम थायरम किंवा कॅप्टन चोळायचं म्हणजे एकराला बारा ग्रॅम औषध झालं. तेच काम पानांवर करायला गेलं तर मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, एकराला दोनशे लिटर पाणी धरलं तर एका फवारणीला पाचशे ग्रॅम. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी केली की किलोभर. शिवाय पाण्याची वाहतूक, पंप, मजुरी. बारा ग्रॅमचं काम टाळून आपण किलोभराचं काम ओढवून घेतो, आणि ते किलोभर औषधही बियाण्यातून आलेला रोग मागे नेऊ शकत नाही. हे गणित प्रत्येक गावच्या चावडीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

बीजप्रक्रिया न होण्याची कारणं मला समजतात. बरंच बियाणं घरचं असतं. मागच्या मळणीतलं चांगलं दिसणारं पोतं बाजूला ठेवलेलं असतं, पेरणीच्या सकाळी तिफण जोडायची घाई असते, वाफसा दोन दिवसांचाच असतो. त्यात औषध चोळणं राहून जातं. पण घरच्या बियाण्यातही निवड करता येते, आणि इथे तुझं एक वैशिष्ट्य कामाला येतं. तुझा दाणा पांढरा. त्याच्यावरचा काळपट डाग उघड्या डोळ्यांना दिसतो. सुपात घेतलेल्या दाण्यांत डागाळलेले, हलके, सुरकुतलेले दाणे ओळखायला घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. बियाण्यासाठी दाणा धरायचा तो ज्या शेतात बोंडं निरोगी होती त्याच शेताचा, आणि फुलोऱ्यापासून मळणीपर्यंत कोरडं गेलेल्या वर्षाचा. फुलोऱ्यात पाऊस झाला असेल त्या वर्षीचं बियाणं पेरू नये, मग ते दिसायला कितीही टपोरं असो.

पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात किंवा जाड कागदात गुंडाळून उगवण पाहण्याची पद्धत गावोगाव आहे. ती करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. किती दाणे उगवले ते मोजून गुंडाळी फेकून देऊ नका. उगवलेल्या रोपांची पहिली पानं उजेडात धरून पाहा. त्यांच्यावर तपकिरी डाग असतील तर ते बियाणं घाण्याकडे जावं, शेतात नको.

तुझ्या पेरणीची तारीख ठरवणं सोपं नाही, आणि या बाबतीत शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांशी माझं जमत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरलं तर रोपावस्थेतच परतीच्या पावसात सापडतेस आणि करपा येतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरलं तर ऐन वाढीत थंडीतला मावा तुला शोषून घेतो. म्हणून कृषी विद्यापीठं सांगतात की सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कागदावर हे तीन आठवडे मोठे वाटतात. काळ्या जमिनीत हस्ताचा पाऊस लागून राहिला की त्यांतले दोन आठवडे चिखलात जातात. 2020 च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र थेट सोलापूर-पंढरपूरपर्यंत आलं आणि भीमेला पूर आला. त्या आठवड्यात जे पीक दोन पानांवर उभं होतं त्याला कुठल्या शिफारशीने वाचवलं असतं? अशा वर्षांची संख्या वाढते आहे, हे रब्बीची शेती करणारा कुणीही सांगेल.

तरीही निवड करायची वेळ येतेच, तेव्हा मी जमिनीकडे बघते. जिथे काळी माती खोल आहे आणि ओल टिकणार आहे, तिथे हस्त सरेपर्यंत थांबायला हरकत नाही. थोडा मावा परवडतो, त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. मध्यम जमिनीत थांबता येत नाही, ओल निघून जाते. तिथे लवकर पेरायचंच, पण मग बीजप्रक्रिया आणि पहिली फवारणी या दोन्ही गोष्टी ऐच्छिक राहत नाहीत.

विरळणीबद्दल थोडं लांबवून लिहिते, कारण ती हळूहळू बंद पडत चालली आहे. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर, दोन झाडांत वीस, असं तुझं अंतर. ते पेरताना साधत नाही; उगवल्यावर पंधरा-वीस दिवसांत जादा रोपं उपटून ते साधायचं असतं. पूर्वी या कामाला निमित्त लागत नसे, कारण उपटलेल्या रोपांची भाजी व्हायची. लसूण-मिरचीची फोडणी दिलेली करडईची कोवळी भाजी आणि ज्वारीची भाकरी हे त्या दिवसांचं जेवण असे. विरळणी झाली की ओळींतून वारा खेळतो, खालची पानं लवकर सुकतात, बुरशीला लागणारी ओल तिथे टिकत नाही. शिवाय उपटणाऱ्या हाताला डागाची रोपं आधी उपटता येतात, आणि शेतातला पहिला रोग तिथेच बाहेर काढता येतो. मजुरी वाढली आणि हे काम राहून जायला लागलं. दाट पीक उभं राहतं, आणि डिसेंबरात त्याच दाटीत करपा पसरतो. एक सावधगिरी मात्र हवी. औषध चोळलेल्या बियाण्याची रोपं स्वयंपाकघरात जाऊ देऊ नयेत. भाजी हवी असेल त्यांनी बांधालगत दोन ओळी साध्या, निवडलेल्या बियाण्याच्या पेराव्यात, त्यांची खूण ठेवावी आणि फवारा त्यांच्यावर जाऊ देऊ नये.

तुषार सिंचनाबद्दल एवढंच सांगते, की संरक्षित पाणी द्यायचं असेल तर ते सरीतून द्यावं, पानांवरून नको. नत्राचा हातही सैल सोडू नये. पालवी फोफावते आणि आत दमटपणा राहतो.

आता फवारणी. मॅन्कोझेब हे पानावर बसून राहणारं औषध आहे. ते पानाच्या आत शिरून रोग बरा करत नाही. बीजाणू पानावर पडून रुजण्याआधी त्याला अडवतं. म्हणून खालच्या पानांवर पहिले ठिपके दिसले, किंवा पेरणीनंतर महिनाभरात आभाळ भरून येऊन पाऊस झाला, की लगेच दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम घेऊन फवारायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. सोळा लिटरच्या पंपाला चाळीस ग्रॅम. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध असेल तर दहा लिटरला वीस ग्रॅम. नोझल खालच्या पानांकडे वळवायचा, कारण रोग तिथून वर चढतो. वरवर ओलं केलेलं पीक सुरक्षित नसतं. फवारताना हात आणि तोंड झाकलेलं असावं, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आणि इथे तुझे काटे आडवे येतात. सुरुवातीला तू जमिनीसरशी पानांचा झुबका करून बसलेली असतेस, तेव्हा शेतात कुठूनही चालता येतं. मग खोड वर येतं, फांद्या फुटतात, पानांच्या कडा आणि बोंडाभोवतीची पानं कडक होतात. त्यानंतर पाठीवर पंप घेऊन ओळींतून जाणारा माणूस पायाला, मांडीला ओरखडे घेऊनच बाहेर येतो. त्यामुळे होतं असं, की रोग सगळ्यात जास्त दिसतो तेव्हा शेतात शिरणं सगळ्यात कठीण असतं. माणूस बांधावरून जेवढं पोचेल तेवढं फवारतो आणि मधलं शेत तसंच राहतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या जाती दिल्या, नारी-6 सारख्या, तेव्हा त्यांची चर्चा काढणी आणि पाकळ्या वेचणं सोपं झालं म्हणून झाली. माझ्या मते रोगाच्या दृष्टीने त्यांचं मोल तितकंच मोठं आहे, कारण त्या पिकात कळी धरल्यावरही माणूस ओळीत शिरून खालची पानं पाहू शकतो. पाहता आलं तर वेळेवर काही करताही येतं.

फुलोऱ्यात फवारू नये, हेही इथेच सांगते. तुझ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि दाणा भरण्यात त्यांचा वाटा आहे. ज्यांच्या घरी वाळलेल्या पाकळ्या वेचून चहासाठी, औषधासाठी विकल्या जातात, त्यांच्या पाकळ्यांवर औषधाचा अंश बसतो. फुलं उमलेपर्यंत काम आटोपलेलं असावं, आणि ते आटोपायचं तर सुरुवात बियाण्यापासून करावी लागते. मी फिरून पुन्हा त्याच जागी येते आहे. पण शेतात उभं राहून कुठल्याही बाजूने विचार केला तरी वाट तिथेच जाते.

थायरम, कॅप्टन, कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, ही तुझ्यासाठीची औषधांची यादी. सगळी जुनी. 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने सत्तावीस कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात ही चारही नावं होती. पुढे त्यांच्यावर सरसकट बंदी आली नाही. पण त्या मसुद्याने एक गोष्ट उघड केली. द्राक्षाचं एक औषध गेलं तर दुसरं उभं असतं, कारण कंपन्यांना त्या पिकात बाजार दिसतो. नवं औषध एखाद्या पिकासाठी नोंदवायचं म्हणजे त्या पिकावर चाचण्या घ्याव्या लागतात, अवशेष मोजावे लागतात, आणि तो खर्च विक्रीतून निघावा लागतो. तुझं क्षेत्र आक्रसल्यावर तुझ्यासाठी तो खर्च कोण करणार? एके काळी महाराष्ट्रात तू लाखो हेक्टरांवर होतीस. जगात सर्वांत जास्त करडई भारतात पिकायची. आज त्या जागी कझाकस्तानचं नाव घेतलं जातं. क्षेत्र घटलं म्हणून औषधं नाहीत, रोगाची भीती राहिली म्हणून क्षेत्र आणखी घटलं. रोग हे घसरणीचं एकमेव कारण नव्हे. सोयाबीननंतर रब्बीत हरभरा सोपा पडतो, तेल आयात होतं, काढणीला माणसं मिळत नाहीत. पण ज्या घराने एका ओल्या वर्षात तुला गमावलं ते घर पुढच्या वर्षी तुझ्याकडे वळत नाही, हे मी पाहिलं आहे.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे रोगाला दाद न देणारी जात. ती होऊच शकत नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या सिडनीच्या संशोधन केंद्रात जे. डब्ल्यू. बर्गमन यांनी सिडविल, हार्टमन, ओकर, गिरार्ड अशा जाती काढल्या, त्या अल्टरनेरियाला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या. ऑस्ट्रेलियात ओल्या हंगामांत याच बुरशीने पीक बुडायला लागल्यावर तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने 1987 मध्ये सिरोनारिया ही जात दिली. त्या जाती आणून सोलापुरात पेरल्या म्हणजे झालं, असं मात्र नाही. तिथलं पीक वेगळ्या ऋतूत, वेगळ्या लांबीच्या दिवसांत वाढतं. आपल्याला हवी ती आपल्या रब्बीत बसणारी, कोरडवाहूत तग धरणारी, तेल देणारी जात.

तुझ्या रानटी बहिणींमध्ये हा प्रतिकार भरपूर आहे, आणि तिथेच एक मोठी अडचणही आहे. कार्थामस लॅनेटस, कार्थामस तुर्कस्तानिकस, कार्थामस क्रेटिकस यांच्यावर ही बुरशी फारशी चालत नाही. पण तुझ्या पेशीत चोवीस गुणसूत्रं, लॅनेटसच्या चव्वेचाळीस, आणि उरलेल्या दोघींच्या चौसष्ट. संकर केला तर झाड येतं, पण त्याला बी धरत नाही किंवा फार थोडं धरतं. ही दरी ओलांडायला अनेक पिढ्यांचं काम लागतं. एक माणूस, एक प्रकल्प, तीन वर्षांचा निधी यात ते होत नाही. सोलापूर, परभणी, फलटण, हैदराबाद या ठिकाणी तुझ्यावर काम करणाऱ्यांनी आहे त्या साधनांत भीमा, परभणी कुसुम, फुले कुसुमा अशा जाती दिल्या, आणि त्यांच्या जोरावरच तू आजवर शेतात आहेस. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझं गाऱ्हाणं निधी वाटणाऱ्यांकडे आहे. देशात खाद्यतेल कमी पडतं म्हणून दर वर्षी चिंता व्यक्त होते, आणि कमी पाण्यात तेल देणाऱ्या पिकाच्या इतक्या जुन्या रोगावर पंधरा-वीस वर्षांचं सलग काम उभं राहत नाही.

हमीभाव वाढला आहे, हे खरं. 2026-27 च्या रब्बी विपणन हंगामासाठी क्विंटलला 6,540 रुपये जाहीर झाले. आदल्या वर्षीपेक्षा सहाशे रुपये जास्त. याचं मी स्वागत करते. पण पान करपलेल्या शेतात क्विंटलच कमी भरतात, आणि डागाळलेल्या दाण्याला तो भाव मागायला शेतकऱ्याची जीभ उचलत नाही.

तेव्हा माझी मागणी एकच आहे आणि ती बियाणं विकणाऱ्यांकडे, सरकारी असोत की खासगी. तुझ्या पिशवीवरच्या टिपेत उगवणक्षमता असते, शुद्धता असते, चाचणीची तारीख असते. दाण्यांत अल्टरनेरिया किती, हे नसतं. ते मोजणं अवघड नाही. ओल्या टीपकागदांवर दाणे मांडून सात दिवस ठराविक तापमानात आणि प्रकाशात ठेवतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लांब शेपटीचे, आडवे-उभे पडदे असलेले तपकिरी बीजाणू तयार नजरेला लगेच ओळखू येतात. ही चाचणी बियाण्याच्या प्रत्येक लॉटची करा आणि निकाल पिशवीवर छापा. ज्या लॉटमध्ये रोग जास्त आहे तो विकूच नका, तो घाण्यावर जाऊ द्या. बीजोत्पादनाचे प्लॉट अशा तालुक्यांत घ्या जिथे तुझ्या फुलोऱ्यानंतर पाऊस क्वचितच पडतो. शेतकऱ्यांच्या गटांनीही हे करावं. कृषी विज्ञान केंद्राला आपल्या घरच्या बियाण्याचा नमुना ऑगस्टमध्ये नेऊन द्यावा आणि तपासून मागावा. सप्टेंबरात नेला तर निकाल येईपर्यंत पेरणी उरकलेली असते.

पीक निघाल्यावर धसकटं शेतात सोडू नयेत, खोल नांगरट करावी, आणि त्याच रानात लगेच पुन्हा तुला आणू नये. दोन वर्षं ज्वारी, हरभरा फिरवावा. हरभऱ्याच्या ओळींमध्ये तुझ्या ओळी घेण्याची पद्धत मला आवडते. हरभऱ्यावर ही बुरशी जगत नाही, आणि एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना तिला अंतर पडतं.

यंदा जून-जुलै बरा गेला आणि ऑगस्टच्या शेवटी रानं भरलेली असली, तर पुष्कळ घरांत सोयाबीननंतर काय, हा प्रश्न निघेल. त्यातल्या काही घरांनी एक एकर तुला द्यावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. चार किलो दाणा, सुपात निवडलेला, बारा ग्रॅम औषध चोळलेला, सावलीत वाळवलेला. उगवल्यावर पंधराव्या दिवशी विरळणी, आणि तिसाव्या दिवशी गुडघ्यावर बसून खालची पानं उलटून पाहणं. ती स्वच्छ निघाली तर पंपाला हात लावू नये.